वरच्या मजल्यावरून बाथ

बाथ हे शहर पायी फिरूनच पाहावे, असे बहुतेक जण सांगतात. माझ्याबरोबर आई होती, त्यामुळे हा सल्ला आम्हाला जसाच्या तसा पाळता येण्यासारखा नव्हता. तिचे वय एकाहत्तर, गुडघे कुरकुर करणारे, आणि हे शहर तर एव्हन नदीच्या काठापासून थेट डोंगराच्या अंगावर चढत गेलेले. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून सुटलेल्या गाडीने साधारण दीड तासात आम्हाला बाथ स्पा स्थानकावर आणून सोडले. हे स्थानक ब्रुनेल या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८४० साली सुरू झाले. तिथून अ‍ॅबीपर्यंतचे, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या जुन्या चर्चपर्यंतचे अंतर आम्ही सावकाश चालत गेलो आणि चोवीस तास चालणारे तिकीट काढून उघड्या छताच्या दुमजली बसमध्ये चढलो. या तिकिटावर कोणत्याही थांब्यावर उतरता येते, पाहून झाले की मागून येणाऱ्या बसमध्ये पुन्हा चढता येते, आणि मार्गही दोन आहेत, एक शहरातून फिरणारा व दुसरा भोवतीच्या डोंगरावर जाणारा. नाइलाज म्हणून पत्करलेली ही बस दिवस संपेपर्यंत मला या शहराकडे पाहण्याची सर्वांत चांगली जागा वाटू लागली. असे का वाटले, हे सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

बाथमधली बहुतेक नावाजलेली घरे अठराव्या शतकातली, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर एकामागून एक जॉर्ज बसले त्या काळातली आहेत. या घरांमध्ये तळमजल्याच्या वरच्या मजल्याला सर्वांत अधिक मान असे. पाहुण्यांची बैठक तिथे भरायची, पत्त्यांचे डाव तिथे रंगायचे, म्हणून खिडक्याही त्याच मजल्यावर सर्वांत उंच ठेवलेल्या असतात. त्याच्या वर गेले की खिडक्या आखूड होत जातात आणि छपराखालच्या नोकरांच्या खोल्यांना जेमतेम झरोके उरतात. रस्त्यावरून चालणाऱ्याला या मानाच्या मजल्याकडे मान उंचावून पाहावे लागते. बसच्या वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाची नजर मात्र नेमकी त्याच उंचीवर येते. खिडकीच्या चौकटीवरचे कोरीव काम, दगडातल्या नळ्यांसारख्या खाचा, कठड्याखालची नक्षी हे सारे हाताच्या अंतरावरून सरकत जाते. दगड कोरणाऱ्या कारागिराने आपले सर्वोत्तम काम ज्या उंचीवर ठेवले, त्या उंचीवरून ते पाहता यावे, ही मला मोठी गोष्ट वाटली.

माझ्या आसनाजवळच्या इअरफोनच्या जोडणीत काही बिघाड होता, त्यामुळे निवेदनाचे मला तुकडेच ऐकू येत होते. आईची जोडणी ठीक होती. ती चाळीस वर्षे शाळेत शिकवत होती, त्यामुळे ऐकलेले नीट जुळवून सांगण्याची तिला सवय आहे. मी इअरफोन काढून ठेवला आणि ती सांगेल तसे ऐकत राहिले. एखाद्या ठिकाणी ती नुसते बोट दाखवायची, एखाद्या ठिकाणी बस पुढे गेल्यावर मागे वळून सांगायची. यंत्रातल्या आवाजापेक्षा मला हे अधिक बरे वाटले.

शहरातल्या फेरीत बस पुल्टनी पुलावरून जाते. रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने आखलेला हा पूल १७७४ साली पूर्ण झाला आणि त्याच्या दोन्ही कडांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुकाने आहेत. असे पूल साऱ्या जगात मोजकेच आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने असल्यामुळे पुलावरून जाताना पाणी दिसतच नाही आणि एखाद्या अरुंद बाजारपेठेतून जावे तसे वाटते. लॉरा प्लेसचे कारंजे आले तेव्हा आईने मला विचारले, "अगं, तो दुकानांचा पूल कधी येणार?" आपण आताच त्याच्यावरून आलो, हे सांगितल्यावर तिचा विश्वास बसेना. नंतर आम्ही नदीकाठावर जाऊन, नालेच्या आकाराच्या बंधाऱ्यावरून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारे पाणी आणि त्यामागच्या तीन कमानी पाहिल्या, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले. हा पूल केवळ शोभेसाठी बांधलेला नव्हता. नदीपलीकडची बाथविकची जमीन पुल्टनी घराण्याकडे वारशाने आली होती, तिथे शहराचा नवा भाग वसवायचा तर नदी ओलांडण्याची सोय हवी होती. पूल झाल्यावर त्याच्या पुढे ग्रेट पुल्टनी स्ट्रीट आखला गेला. सुमारे अकराशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद असा हा सरळसोट रस्ता टोकाच्या होलबर्न संग्रहालयापर्यंत नजर नेऊन पोचवतो. त्याच्या पलीकडे सिडनी प्लेसमधल्या ४ क्रमांकाच्या घरात जेन ऑस्टेन राहत होती. १८०१ ते १८०६ या काळात तिचे वास्तव्य बाथमध्ये होते, आणि तिच्या दोन कादंबऱ्यांतली पात्रे याच रस्त्यांवरून फिरतात. तिच्या नावावर इथे बरेच काही चालते, पण त्या घरासमोर मला विशेष काही जाणवले नाही. ते शेजारच्या घरांसारखेच एक घर आहे.

मला खरे गुंतवले ते जॉन वुड या एकाच नावाच्या वास्तुकार बापलेकांनी. थोरल्या वुडने १७२८ पासून क्वीन स्क्वेअर बांधला. चौकाच्या उत्तर बाजूची घरे त्याने अशी रचली की ती सात निरनिराळी घरे न वाटता एकच राजवाडा वाटावा. त्यानंतर त्याने सर्कस आखली. सर्कस म्हणजे इथे वर्तुळ. १७५४ साली पहिला दगड बसला आणि त्याच वर्षी थोरला वुड वारला. मुलाने काम हाती घेऊन १७६८ पर्यंत ते पुरे केले. तीन रस्ते वर्तुळात येऊन मिळतात आणि घरांच्या रांगेचे तीन भाग पाडतात. कोणत्याही रस्त्याने आत शिरले तरी समोर रांगेचा एक भाग वळणदार पडद्यासारखा उभा असतो. खाली डोरिक, मध्ये आयोनिक आणि वर कोरिंथियन अशा तीन पद्धतींचे जोडखांब एकावर एक येतात. सर्वांत खालच्या खांबांच्या माथ्यावर दगडी पट्टी आहे आणि तिच्यावर पाचशेहून अधिक लहान चित्रे कोरली आहेत, साप, वाद्ये, नांगर, मोजमापाची साधने, जहाजे अशी. एकासारखे दुसरे सहसा सापडत नाही. ही पट्टी रस्त्यावरून दिसते, पण तिच्यावर काय काय कोरले आहे हे वाचता येत नाही. आमची बस पुढच्या गाड्यांच्या रांगेमुळे सर्कसच्या तोंडाशी दोन-तीन मिनिटे थांबली, आणि तेवढ्या वेळात आईने व मी मिळून अकरा चित्रे ओळखली. बाराव्याबद्दल आमचे एकमत झाले नाही. मला ते मधमाश्यांचे पोळे वाटले, तिला गवताची गंजी.

कठड्यावर ओळीने बसवलेली दगडी फळे मला आधी कळसासारखी वाटली. ती ओक वृक्षाची फळे आहेत. दंतकथेनुसार ब्लडूड नावाच्या राजपुत्राला कुष्ठरोग झाला, राजवाड्यातून बाहेर पडून त्याने डुकरे राखण्याचे काम धरले, आणि ओकची फळे खाणारी ती डुकरे गरम चिखलात लोळून बरी होतात हे पाहून तोही त्या चिखलात उतरला व रोगमुक्त झाला. बाथ शहर त्याने वसवले, असे ही कथा सांगते. थोरला वुड ही कथा मनापासून खरी मानत असे. शहरातल्या सर्वांत उंची वस्तीच्या माथ्यावर डुकरांचे खाद्य मिरवणारा वास्तुकार मला फार आवडला.

याच सर्कसमध्ये १४ क्रमांकाच्या घरावर रॉबर्ट क्लाइव्हच्या नावाची पाटी आहे. प्लासीची लढाई जिंकून, बंगालमधून अमाप संपत्ती घेऊन मायदेशी परतलेला हाच तो क्लाइव्ह. १७७४ साली तो वारला. आईने इअरफोनमधून ऐकलेल्या निवेदनात सर्कसच्या रहिवाशांपैकी चित्रकार गेन्सबरोचे नाव आले होते, क्लाइव्हचे तिला ऐकू आले नव्हते. पाटी दिसल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग एवढेच म्हणाली, "म्हणजे हे खांब आपल्या ओळखीचे निघाले." या शहरातला सारा पैसा पूर्वेकडूनच आला असे मी म्हणणार नाही. वेस्ट इंडिजमधल्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमातून आलेला पैसाही इथे तितकाच मुरलेला आहे. पण अ‍ॅबीच्या आत भिंतींवर सहाशेहून अधिक स्मृतिशिला आहेत, आणि त्या वाचत गेले की कंपनीच्या चाकरीत आयुष्य घालवून शेवटी तब्येतीसाठी बाथला आलेल्या माणसांची नावे वारंवार भेटतात. या गोष्टीचा उल्लेख बसच्या फेरीत ठळकपणे व्हायला हवा, असे मला वाटते. इमारतीचे सौंदर्य त्याने उणे होत नाही आणि पाहणाऱ्याला पुरी गोष्ट कळते.

रॉयल क्रेसेंटसमोरून आमची बस गेली नाही, म्हणून जवळच्या थांब्यावर उतरून आम्ही तिथवर चालत गेलो. चढ होता, पण आईने तो दोन विसावे घेऊन पार केला. धाकट्या वुडने १७६७ ते १७७४ या काळात बांधलेली ही तीस घरांची चंद्रकोर आहे, तिला ११४ आयोनिक खांब आहेत आणि समोर उतरत जाणारी हिरवळ. हिरवळीच्या मधोमध एक बुटकी भिंत खंदकात अशी लपवली आहे की वरच्या घरांतून ती दिसत नाही. खाली चरणारी जनावरे वर येऊ शकत नसत, तरी राहणाऱ्यांच्या नजरेआड काही येत नसे. वुडने आखले ते केवळ दर्शनी अंग. ज्याने जागा घेतली त्याने दर्शनी भागाच्या मागे आपल्या सोयीप्रमाणे घर बांधून घेतले. म्हणून पुढून पाहिले तर खांबामागे खांब एका मापात उभे असतात आणि मागच्या गल्लीतून पाहिले तर कुठे भिंत पुढे आलेली, कुठे छप्पर खाली, कुठे नळ बाहेर काढलेले. आम्ही मुद्दाम मागच्या बाजूने जाऊन आलो. क्रेसेंट पाहणाऱ्या प्रत्येकाने ती पाच मिनिटे मागच्या बाजूसाठी राखून ठेवावीत, कारण तिथे माणसे राहतात हे पुढून ध्यानातच येत नाही.

फेरीत अनेक ठिकाणी दगडाने बुजवलेल्या खिडक्या दिसतात. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांच्या संख्येवर कर होता, तो वाचवण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजवल्या, ही कथा सगळ्या फेऱ्यांत सांगितली जाते. ती खरी आहे, पण प्रत्येक बुजलेल्या खिडकीला ती लागू पडत नाही. आत जिना किंवा धुराडे असेल तिथे मुळातच आंधळी खिडकी कोरली जाई, कारण बाहेरून ओळ मोडलेली त्या काळच्या डोळ्यांना खपत नसे.

नव्या वाटणाऱ्या काही इमारती मध्येच का येतात, याचे उत्तर १९४२ मध्ये आहे. त्या वर्षी २५ ते २७ एप्रिलदरम्यान जर्मन विमानांनी बाथवर बॉम्बवर्षाव केला. ल्यूबेक या जर्मन शहरावरच्या ब्रिटिश हल्ल्याचा सूड म्हणून इंग्लंडमधली जुनी, देखणी शहरे निवडून त्यांच्यावर हे हल्ले झाले. बाथमध्ये चारशेहून अधिक माणसे मरण पावली, आणि १७७१ साली उघडलेली असेंब्ली रूम्स ही नाचगाण्याची भव्य इमारत आतून जळून गेली. सर्कसमधलीही काही घरे पडली होती. ती पुन्हा इतकी हुबेहूब उभी केली आहेत की कोणती पडली होती हे बसमधून मला ओळखता आले नाही. पुढे १९६० आणि १९७०च्या दशकांत कारागिरांची, साध्या माणसांची लहान जॉर्जियन घरे ओळीने पाडली गेली, कारण श्रीमंतांची घरे जपली की पुरे असे तेव्हा मानले जाई. आज १९८७ पासून अख्खे शहर जागतिक वारसा यादीत आहे, पण ती पाडलेली घरे काही परत आली नाहीत.

दुपारी पावसाची एक सर येऊन गेली. आम्ही छप्पर असलेल्या पुढच्या भागात सरकून बसलो, आणि आभाळ मोकळे झाल्यावर दुसरा मार्ग धरला. फेरीला आलेल्या कुणाकडे एकाच मार्गाचा वेळ असेल, तर सहसा तो शहरातला मार्ग घेतो. माझे मत विचाराल तर डोंगरावरचा मार्ग सोडू नये. बाथ हे एक खोलगट भांडे आहे, तळाशी गरम पाण्याचे झरे आणि काठावर सगळीकडे टेकड्या, हे वर गेल्याशिवाय उमजत नाही. ज्या मधाळ रंगाच्या दगडाचे हे शहर बनले आहे तो दगडही याच काठातून निघालेला आहे.

राल्फ अ‍ॅलन हे नाव या मार्गावर भेटते. टपाल पोचवण्याच्या व्यवस्थेत सुधारणा करून त्याने पैसा कमावला आणि त्या पैशातून कूम डाउनच्या दगडखाणी विकत घेतल्या. खाणीतला दगड डोंगरावरून नदीपर्यंत न्यायचा तर बैलाघोड्यांच्या गाड्या परवडत नव्हत्या, म्हणून १७३०च्या दशकाच्या आरंभी त्याने उतारावर लाकडी रूळ टाकले. भरलेले गाडे आपल्याच वजनाने खाली येत, रिकामे झाले की घोडे त्यांना वर ओढून नेत. आज त्या वाटेवर त्याच्याच नावाचा डांबरी रस्ता आहे. शेजारच्या प्रायर पार्कमध्ये त्याने आपल्या खाणीच्या दगडाचा प्रासाद उभारला, म्हणजे खाली शहरातून वर पाहणाऱ्या प्रत्येकाला त्या दगडाची जाहिरातच दिसावी.

एका थांब्यावर उतरून मी रस्त्याकडेच्या जुन्या भिंतीचा दगड जवळून पाहिला. खसखशीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटून बसावेत तशी त्याची ठेवण आहे. जुरासिक काळात इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी शिंपल्यांच्या कणांभोवती चुन्याचे थर चढत गेले आणि हे दाणे तयार झाले. या दगडाला कोणत्याही बाजूने करवत लावता येते. खाणीतून निघताना तो मऊ असतो आणि उघड्यावर राहून हळूहळू कठीण होतो, म्हणून सर्कसवरची ती लहान चित्रे इतकी बारीक कोरता आली. पावसाने भिजल्यावर त्याचा रंग गडद होतो आणि ऊन पडले की वाळत जाणाऱ्या भागाची कडा भिंतीवर सरकताना दिसते. आई बसथांब्याच्या बाकावर बसून ती सरकणारी कडा पाहत होती.

बस पुन्हा खाली अ‍ॅबीपाशी आली तेव्हा दिवस उतरणीला लागला होता. अ‍ॅबीच्या जागी ९७३ साली एडगर राजाचा राज्याभिषेक झाला होता. आजची इमारत १४९९ पासून बांधली गेली. ऑलिव्हर किंग या बिशपला स्वप्नात शिडीवरून चढणारे-उतरणारे देवदूत दिसले, अशी कथा आहे, आणि पश्चिमेच्या दर्शनी भागावर दगडी शिड्या व त्यांच्यावरचे देवदूत कोरलेले आहेत. खाली उतरणारे काही देवदूत डोके खाली करून उतरतात. त्यांच्याकडे मान वर करून पाहताना मला बसची फार आठवण झाली.

शेवटी आम्ही रोमन स्नानगृहांत गेलो. इथल्या मुख्य झऱ्यातून दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येते आणि त्याचे तापमान ४६ अंश सेल्सियस असते. मेंडिप डोंगरांवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडीतून खोल जमिनीत उतरते, तिथे तापते आणि भेगांतून वर येते, असे भूवैज्ञानिक मानतात. रोमनांनी पहिल्या शतकात या झऱ्याभोवती देऊळ आणि कुंड बांधले. इथल्या मूळ लोकांची सुलिस ही देवी आणि त्यांची मिनर्व्हा या दोघींना एक करून त्यांनी पुजले. मोठ्या कुंडाचे पाणी आज हिरवे दिसते, कारण वर छत उरलेले नाही आणि उजेडामुळे त्यात शेवाळ वाढते. छत होते तेव्हा पाणी नितळ असणार. कुंडाच्या तळाला रोमनांनी शिशाचे पत्रे घातले होते, ते अजून तिथेच आहेत.

संग्रहालयात शिसे-कथिलाच्या पातळ पत्र्यांवर लिहिलेले शाप मांडले आहेत. असे सुमारे १३० पत्रे सापडले. चोरी झालेली माणसे देवीला गाऱ्हाणे लिहून ते झऱ्यात टाकत. डॉकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे चोरीला गेले होते आणि चोराची बुद्धी व डोळे जावेत असे त्याने देवीकडे मागितले आहे. आईने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "थंडी फार असेल गं तेव्हा." मला त्या वेळी हसू आले नाही. हातमोज्यांवाचून हिवाळा काढणारा एक माणूस इतक्या शतकांनंतर तिला स्पष्ट दिसला होता.

बाहेर पडण्याआधी झऱ्याचे जास्तीचे पाणी जिथून वाहते ती जागा येते. रोमनांनी बांधलेल्या कमानीतून ते अजूनही धो धो पडते आणि त्यांच्याच गटारातून एव्हनकडे जाते. पाण्यातल्या लोहामुळे दगड नारिंगी झाला आहे. वाफ इतकी होती की आईचा चष्मा धुरकटला. तिने तो पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि आपल्या तिकिटाचे किती तास उरले आहेत असे विचारले. सकाळी दहापर्यंत ते चालणार होते. पहिली बस पकडून सर्कसवरचे ते बारावे चित्र पुन्हा पाहायचे, असे तिथेच ठरले.